मोठ्या एंटरप्राइझचे परीक्षण: हिरवट रंग, झुकलेले नॅसेल आणि मूळ कोणते मानायचे हा प्रश्न

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेतील एंटरप्राइझचे १:३५० प्रमाणातील, तयार रंगवलेले आणि आतून दिवे असलेले मॉडेल आपल्या हाती आले आहे आणि त्याचे सविस्तर परीक्षण आपल्याला लिहायचे आहे. पडद्यावर निळसर करडे वाटणारे जहाज इथे किंचित हिरवट दिसते आणि मागून पाहताना डावे नॅसेल (जहाजाच्या मागच्या बाजूच्या दोन लांब नळकांड्यांसारख्या इंजिनांपैकी एक) उजव्यापेक्षा खाली भासते, तेव्हा यांना दोष म्हणावे का, असे आपण विचारता. या दोन शंकांची जात वेगळी आहे. रंगाची शंका ‘मूळ’ म्हणून आपण काय समोर ठेवतो यावर अवलंबून आहे, तर नॅसेलची शंका मोजपट्टीने मिटण्यासारखी आहे. बहुतेक परीक्षणे याच ठिकाणी घसरतात. जे मोजता येते तिथे मत दिले जाते, आणि जिथे मूळ ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही तिथे ठाम निकाल दिला जातो.

या जहाजाची निदान तीन मुळे आहेत. एक म्हणजे कथेतील जहाज, ज्याची लांबी ९४७ फूट, म्हणजे सुमारे २८९ मीटर मानली जाते. दुसरे म्हणजे चित्रीकरणासाठी बनवलेले मॉडेल. मॅट जेफरीज यांच्या रचनेवरून रिचर्ड डेटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा वापरून ते उभे केले. ते सुमारे ३.४ मीटर लांब असून १९७४ पासून अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तिसरे मूळ म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर उमटलेली प्रतिमा. निळ्या पडद्यासमोर केलेले चित्रीकरण, त्या निळ्याची जहाजाच्या कडांवर पडलेली झाक आणि चित्रफितीवर एकावर एक केलेल्या प्रकाशीय प्रक्रिया यांतून ती प्रतिमा तयार झाली. ही तिन्ही मुळे एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. म्हणून परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदातच निर्मात्याचा दावा कोणत्या मुळाशी इमान राखण्याचा आहे आणि आपण मॉडेल कोणत्या मुळाशी ताडून पाहणार आहोत, हे लिहून टाकावे.

हिरवट रंगाचे उत्तर इथेच मिळते. चित्रीकरणाच्या मॉडेलचा मूळ रंग हिरवट छटेचा फिकट करडा होता. अनेकदा डागडुजी होऊनही तबकडीच्या (जहाजाच्या पुढच्या गोल, चपट्या भागाच्या) वरच्या पृष्ठभागावर जुना रंग टिकून राहिला होता, आणि २०१६ मध्ये ते मॉडेल वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये पुन्हा प्रदर्शनात आले, त्याआधीच्या जतनकार्यात त्याच अवशेषाचा आधार घेऊन बाकीच्या भागाचा रंग ठरवला गेला. तेव्हा आपल्या मॉडेलचा निर्माता ‘चित्रीकरणाच्या मॉडेलप्रमाणे’ असे म्हणत असेल, तर हिरवट झाक हा दोष नसून अभ्यास केल्याची खूण आहे. ‘पडद्यावर दिसते तसे’ असा दावा असेल, तर मात्र तीच झाक विसंगत ठरते. निकाल देण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी: मॉडेल ढगाळ दिवसाच्या खिडकीतील उजेडात पाहावे, आणि नंतर पिवळसर एलईडीखाली पाहावे. करड्या रंगांतील हिरवा अंश दिव्याप्रमाणे कमीजास्त दिसतो, आणि स्वस्त एलईडीच्या उजेडात तो असतो त्याहून अधिक भासू शकतो. कोणत्या प्रकाशात काय दिसले हे लिहिले, तर वाचकाला आपल्या घरात ते कसे दिसेल याचा अंदाज बांधता येतो.

तबकडीवरील जाळीसारख्या रेषांबद्दलही असेच आहे, आणि माझ्या मते या जहाजाच्या कोणत्याही मोठ्या मॉडेलची खरी कसोटी इथे लागते. चित्रीकरणाच्या मॉडेलवर त्या रेषा पेन्सिलीने काढलेल्या होत्या. १९९१ च्या डागडुजीत पॅनेलच्या रेषा आणि छटा फार ठळक रंगवल्या गेल्या, त्यावर चाहत्यांनी बरीच टीका केली, आणि पुढच्या जतनकार्यात ते काढून टाकले गेले. आता आपल्या मॉडेलचा हिशेब करू. ३.४ मीटरच्या मॉडेलच्या तुलनेत आपले मॉडेल जेमतेम एक चतुर्थांश लांबीचे आहे. मूळ मॉडेलवरची पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर रुंद धरली, तरी आपल्याकडे ती सुमारे ०.१२ मिलिमीटर व्हायला हवी. साच्यातून निघणाऱ्या प्लास्टिकमध्ये एवढी बारीक खाच स्वच्छ उठवणे कठीण असते. त्यामुळे रेषा कोरलेल्या असतील, तर त्या मुळापेक्षा जाड असणार हे गृहीत धरावे. छापलेल्या किंवा फिक्या रंगाने काढलेल्या असतील, तर निर्मात्याने योग्य वाट निवडली असे म्हणता येईल. कथेतील जहाजाच्या मापाने पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. १:३५० प्रमाणात ०.३ मिलिमीटर रुंदीची खाच म्हणजे खऱ्या जहाजावर साडेदहा सेंटिमीटरची फट होते. अंतराळात जाणाऱ्या जहाजाच्या दोन पत्र्यांमध्ये हात जाईल एवढी फट कोणी ठेवणार नाही. व्हर्नियर कॅलिपर आणि भिंग घेऊन चार ठिकाणी या रेषा मोजाव्यात आणि आलेला आकडा ३५० ने गुणून लिहावा. परीक्षणात पानभर विशेषणे लिहिण्यापेक्षा हा एक आकडा अधिक उपयोगाचा ठरतो.

जहाजाच्या डाव्या बाजूविषयी परीक्षणात वेगळे लिहायला हवे. चित्रीकरणाच्या मॉडेलमध्ये दिवे बसवले गेले तेव्हा त्यांच्या तारा डाव्या बाजूने आत घेतल्या होत्या. ती बाजू पूर्ण सजवलेली नव्हती आणि जहाज प्रामुख्याने उजवीकडून चित्रित होत असे. त्यामुळे कोणत्याही संग्राह्य मॉडेलची डावी बाजू हा निर्मात्याने काढलेला तर्क असतो. खिडक्यांची रांग उजवीकडची जशीच्या तशी उलटवून बसवली आहे, की वेगळी मांडणी केली आहे, हे पाहावे. पण त्याला बरोबर किंवा चूक असा शेरा देऊ नये, कारण ताडून पाहायला पुरेसे मूळच नाही.

इतर जहाजांचे परीक्षण करतानाही हा मुद्दा सुटत नाही. ‘नेक्स्ट जनरेशन’ या नंतरच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील एंटरप्राइझ-डी साठी प्रामुख्याने १९८७ चे सहा फुटी आणि नंतरचे चार फुटी अशी दोन वेगळी मॉडेले वापरली गेली. चार फुटी मॉडेलच्या पृष्ठभागावर अधिक उठाव आहे, तबकडीची कडा जाड आहे आणि टेन फॉरवर्ड या जहाजातील विश्रांतिगृहाच्या खिडक्याही त्यावरच आहेत. ‘स्टार वॉर्स’मधील मिलेनियम फाल्कन या जहाजाच्या १९७७ आणि १९८० च्या रूपांत लँडिंग गिअरच्या (उतरताना टेकवायच्या पायांच्या) पेट्यांची संख्या निराळी आहे. मॉडेल नेमके कोणत्या रूपाचे आहे हे न पाहता खिडक्या किंवा पेट्या मोजत बसणे व्यर्थ आहे.

आता मापांकडे वळू. खोक्यावर छापलेल्या प्रमाणावर विश्वास ठेवू नये, ते तपासून घ्यावे. २८९ मीटरला ३५० ने भागले की ८२.६ सेंटिमीटर येतात. तबकडीचा व्यास १२७ मीटर धरला की तो ३६.३ सेंटिमीटर भरायला हवा. ही दोन्ही मापे सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर छापलेले प्रमाण चुकीचे आहे. एकच चुकत असेल तर आकार बिघडला आहे, आणि ही चूक अधिक गंभीर आहे. तबकडी थोडी लहान आणि खालचे धड थोडे जाड असे झाले, तर रंगकाम कितीही सुरेख असले तरी जहाज ओळखीचे वाटत नाही आणि नेमके काय खटकते हे पाहणाऱ्याला सांगताही येत नाही.

नॅसेल तपासताना आधी टेबल पाणसळीत आहे का ते पाहावे. मग टेबलाच्या पृष्ठभागापासून प्रत्येक नॅसेलच्या खालच्या कडेची उंची पुढच्या आणि मागच्या टोकाजवळ मोजावी. त्याबरोबर तबकडीच्या डाव्या आणि उजव्या कडेची उंचीही घ्यावी. असे सहा आकडे झाले की मॉडेल तळफळीसकट उलट्या दिशेला फिरवून सगळे पुन्हा मोजावे, म्हणजे टेबलाचा उतार मापात शिरणार नाही. आता हे आकडे असे वाचावेत. तबकडीची डावी कडाही नॅसेलबरोबर खाली असेल, तर संपूर्ण जहाज स्टँडवर कलले आहे. तबकडीच्या ३६ सेंटिमीटर रुंदीत एका अंशाच्या कलण्याने दोन्ही कडांत सुमारे ६ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि बहुधा स्टँडचा खुंट सरळ बसवला की तो नाहीसा होतो. तबकडी समतल असून डाव्या नॅसेलची दोन्ही टोके सारखीच खाली असतील, तर त्या बाजूचा पायलॉन (नॅसेलला धडाशी जोडणारा खांब) मुळाशी वाकडा बसला आहे. एकच टोक खाली असेल, तर नॅसेल पायलॉनवर पुढेमागे झुकले आहे. या प्रमाणात नॅसेल सुमारे ४४ सेंटिमीटर लांब आहे, त्यामुळे तिथे एका अंशाची चूक झाली तरी दोन टोकांच्या उंचीत पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि सरावलेल्या डोळ्याला तो खोलीच्या दारातूनही दिसतो.

किती फरक माफ करावा? या आकाराच्या तयार मॉडेलमध्ये २ मिलिमीटरपर्यंतचा फरक मी केवळ नोंदवतो, त्याला दोष म्हणत नाही; ४ मिलिमीटरच्या पुढे गेला की तो दोष आहे असे स्पष्ट लिहितो. मधल्या पट्ट्यात आकडा द्यावा आणि निर्णय वाचकावर सोडावा. हेच आकडे काही आठवड्यांनी पुन्हा घ्यावेत, कारण मोठ्या मॉडेलचा सगळ्यात वाईट दोष खोके उघडल्याच्या दिवशी दिसत नाही. प्लास्टिक आणि पॉलियुरेथेन रेझिन सतत भाराखाली, विशेषतः उबदार खोलीत किंवा थेट उन्हात, हळूहळू वाकतात. छोट्या मॉडेलमध्ये हे जाणवत नाही. पण आकार दुप्पट झाला की वजन सुमारे आठपट होते, आणि त्याला पेलणाऱ्या पायलॉनच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच होते. त्यात नॅसेल धातूचे ओतीव असेल तर भार आणखी वाढतो. अशा ओतीव भागांसाठी वापरला जाणारा जस्ताचा मिश्रधातू एबीएस प्लास्टिकच्या सहापटीहून अधिक जड असतो. जाहिरातीत वजन हा गुण म्हणून मिरवला जातो, पण मी आधी तो धातू कुठे वापरला आहे हे पाहतो. खालच्या धडात आणि पायलॉनच्या आतल्या कण्यात धातू असणे उत्तम. नॅसेलच्या टोकाशी असणे चिंतेचे. तबकडीच्या कडेला बोटाने अगदी हलका धक्का द्यावा आणि थरथर किती वेळ टिकते ते पाहावे. जहाज सगळे मिळून डोलत असेल तर स्टँड कमकुवत आहे. नॅसेल एकटेच थरथरत राहिले तर सांधा सैल आहे.

पृष्ठभाग तपासताना वरचा दिवा बंद करावा आणि एकच दिवा टेबलाच्या उंचीवरून, अगदी तिरपा टाकावा. तबकडीवरून तो हळूहळू फिरवला की एरवी अदृश्य असलेले सगळे उघड होते: दोन अर्ध्या भागांचा सांधा, लांबी (पुट्टी) भरून घासल्याच्या खुणा, आतून बळकटीसाठी दिलेल्या पट्ट्यांच्या जागी प्लास्टिक थंड होताना बसलेले उथळ खळगे. मोठ्या सपाट भागावर असे खळगे टाळणे अवघड असते, आणि तबकडी हा या जहाजाचा सगळ्यात मोठा सपाट भाग आहे. वक्र भागांवरील बारीक उठाव जवळून पाहावेत. साचा ज्या दिशेने उघडतो त्या दिशेला ते उठाव तिरके झालेले दिसले, तर निर्मात्याने सरकत्या भागांचा महाग साचा टाळून साधा साचा वापरला आहे असे समजावे. जहाजाचे नाव आणि एनसीसी-१७०१ हा क्रमांक पॅड छपाईने (मऊ पॅडवरून शाई उमटवून) उठवला आहे की पाण्याने चिकटवायच्या डेकलने, हे भिंगाखाली अक्षराच्या कडेला पारदर्शक पापुद्रा दिसतो का यावरून कळते. डेकल हा स्वतः दोष नाही. पापुद्र्याखाली हवा राहून चंदेरी डाग दिसत असतील तर तो दोष आहे. चकाकी हा आणखी एक मुद्दा. एवढ्या मोठ्या जहाजाचा आभास मंद, जवळजवळ निस्तेज पृष्ठभागानेच टिकतो. तुकतुकीत रंग दिसला की डोळा लगेच खरी लांबी ओळखतो आणि जहाज पुन्हा खेळणे होते. १९७९ च्या चित्रपटासाठी नव्या रूपातील एंटरप्राइझला मोत्यासारख्या झळाळीचे रंग दिले होते. त्या रूपाच्या मॉडेलमध्ये झळाळी हवीच, पण तिची चौकडीची नक्षी प्रकाशाचा कोन बदलल्यावरच उमटायला हवी. दोन मीटरवरून ती बुद्धिबळाच्या पटासारखी दिसत असेल तर रंगकाम बिघडले आहे.

दिव्यांची तपासणी पूर्ण अंधारात करावी. पहिली गोष्ट म्हणजे गळती: आतून काळा किंवा चंदेरी थर नीट दिलेला नसेल तर हलचे (जहाजाच्या बाहेरच्या कवचाचे) प्लास्टिकच उजळते आणि सांध्यांतून प्रकाशाच्या रेषा बाहेर येतात. दुसरी गोष्ट म्हणजे खिडक्यांतील समानता. एखादी खिडकी डोळ्यांत घुसते आणि शेजारची मिणमिणते, याचा अर्थ एलईडी थेट खिडकीमागे आहे आणि मध्ये प्रकाश पसरवणारा थर नाही. खिडकीचा आकारही इथेच मोजावा, कारण १:३५० मध्ये एक मिलिमीटर म्हणजे ३५ सेंटिमीटर. नॅसेलच्या पुढच्या घुमटांकडे अधिक वेळ द्यावा. चित्रीकरणाच्या मॉडेलमध्ये घुमटामागे मोटरवर फिरणारी पाती आणि लुकलुकणारे रंगीत दिवे होते, आणि त्यातून भोवऱ्यासारखी गती दिसे. आजच्या मॉडेलांत बहुतेक वेळा एलईडी क्रमाने पेटवून तो आभास साधतात. ठिपके एकामागून एक उड्या मारताना दिसतात, की प्रकाश खरोखर फिरल्यासारखा वाटतो, हे लिहावे. मोटर असेल तर शांत खोलीत तिचा आवाज किती येतो तेही लिहावे. दोनेक तास दिवे चालू ठेवून नंतर हलला हात लावून पाहावा. वीज बॅटरीवर असेल तर कप्पा कुठे आहे, तो उघडण्यासाठी जहाज स्टँडवरून काढावे लागते का, आणि अल्कलाइन बॅटरी गळली तर तिचा द्राव थेट सर्किटवर जाईल का, या गोष्टी खरेदीदाराला पुढे अनेक वर्षे भोगाव्या लागतात, म्हणून त्या परीक्षणात आल्याच पाहिजेत.

छायाचित्रांबाबत एकच सांगतो. मोबाइलच्या रुंद कोनाच्या लेन्सने जवळून काढलेल्या छायाचित्रात तबकडी फुगते आणि नॅसेल काडीसारखी होतात. तसे छायाचित्र परीक्षणात देणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे आहे. कॅमेरा दोन मीटर मागे न्यावा, लांब पल्ल्याची लेन्स वापरावी आणि रंगासाठी चौकटीत करड्या रंगाचे कार्ड ठेवावे. दोषाच्या छायाचित्रात मोजपट्टी दिसलीच पाहिजे, कारण चार पट मोठा केलेला ओरखडा आणि खराखुरा मोठा ओरखडा यांत एरवी फरक करता येत नाही.

मॉडेल विकत घेतले की निर्मात्याने पाठवले, हे सुरुवातीलाच लिहावे. निर्मात्याकडून आलेला नमुना निवडून पाठवलेला असू शकतो, आणि विकत घेतलेला एक नमुना म्हणजे संपूर्ण उत्पादन नव्हे. नॅसेलच्या झुकावासारखा जुळणीतला दोष एका नगापुरता असू शकतो, तर तबकडीच्या व्यासातली चूक साच्यातली असल्याने प्रत्येक नगात असणार. हा भेद वाचकाला स्पष्ट सांगावा. मॉडेल हप्त्यांनी येणाऱ्या सुट्या भागांचे असेल, तर कंपनीच्या टिकाऊपणाचाही विचार हवा. २०२२ मध्ये ईगलमॉस ही कंपनी बंद पडली, तेव्हा अशा योजनांतील अनेक संग्राहकांची जहाजे अर्धवट राहिली. सुटे भाग वेगळे मिळतात का आणि मोडलेला पायलॉन बदलता येतो का, हे प्रश्न तयार मॉडेलच्या निर्मात्यालाही लेखी विचारावेत, आणि आलेले उत्तर परीक्षणात जसेच्या तसे द्यावे.

दहापैकी किती गुण, हे लिहिण्याचा मोह टाळावा असे मी सुचवेन. एका आकड्यात रंगाचा अभ्यास, जुळणीतील चूक आणि दिव्यांची गळती एकत्र कालवली जाते आणि वाचकाला त्यातून काहीच वेगळे काढता येत नाही. तुलना द्यायची असेल तर याच जहाजाच्या याच प्रमाणातील किटशी (स्वतः जोडून रंगवायच्या सुट्या भागांच्या संचाशी) द्यावी. २०१२ मध्ये आलेले पोलर लाइट्सचे १:३५० चे किट त्यासाठी योग्य आहे, कारण त्याची मापे आणि आपल्या मॉडेलची मापे थेट शेजारी ठेवता येतात. आकाराची तुलना बिनजोडलेल्या भागांवरही होऊ शकते. रंगाची तुलना करणार असाल तर ते किट कोणत्या रंगांनी आणि किती तयारीच्या हाताने रंगवले आहे हे त्याच वाक्यात सांगावे, आणि दोन्ही मॉडेले एकाच उजेडात, एकाच छायाचित्रात ठेवावीत.